हळद वेगळी करून दाखव

ऋतुजाबद्दल बोलायचं म्हणलं का लोक आवाज खाली करतात. घर सोडून गेली म्हणे? मी म्हणते, सोडून नाही गेली, नोकरीवर गेली, अन् गेली तं गेली, तुमच्या पोटात काहून दुखते? मी प्रेमिला, तिची मोठी जाऊ. तिच्यासंगं एका चुलीवर स्वयंपाक केला आहे. त्यामुळं तिची गोष्ट सांगायचा हक्क गल्लीतल्या बायांपेक्षा माझा जास्त आहे.

आमचं घर पाचपावलीत, कोष्ट्यांचं. सासरे नत्थूजी, म्हणजे आमचे बाबा, एके काळी रेशीमकाठी धोतरं विणत, अन् इतवारीतले व्यापारी ते धोतर हातात घेऊन काठ उलटा करून पाहत. मंग सगळ्यांचेच माग बंद पडले. आमचाही मोडून विकला. पण मागाचा खड्डा बाबांनी बुजवू दिला नाही. खड्डा म्हणजे, आमच्या मागात विणणारा जमिनीवर बसते अन् पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबते, तो. माझ्या बापाचे पाय यात होते, आजाचे होते, मी असेपर्यंत यात माती पडणार नाही, असं बाबांचं म्हणणं. मंग त्यावर लाकडी फळ्या टाकल्या, फळ्यांवर सतरंजी टाकली, अन् ती आमची समोरची खोली झाली.

माझे मालक धर्मेंद्र कळमन्यात एका अडत्याकडं कामाले आहेत. धाकटा भूपेश इतवारीत कपड्याच्या दुकानात. भूपेश स्वभावानं सोन्यासारखा, पण बापासमोर त्याची जीभ टाळूले चिकटते. ऋतुजा त्याची बायको. बीएस्सी केमिस्ट्री, वरून बीएड. लग्न ठरताना बाबांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हव, पोरगी नोकरी करन, आमची काही हरकत नाही. लग्न झाल्यावर त्या हवचं काय झालं कोण जाणे. एक शाळा दूर होती. दुसरीले बस बदलावी लागे. तिसरीचा हेडमास्तर बाबांना पसंत नव्हता, न पाहताच. शेवटी समोरच्या खोलीत ट्यूशन घ्यायची मोकळीक मिळाली. घरातल्या घरात, बाबांच्या नजरेखाली.

तिची एक सवय सांगते, म्हणजे तुम्हाले ती कशी आहे ते समजन. सकाळी भाकरी-भाजी आटोपली का ती अंगावरची साडी बदले. इस्त्रीची साडी, पिना लावून, हातात घड्याळ, पर्समध्ये पेन, रुमाल, पाण्याची बाटली. अन् मंग कुठंच जात नसे. तशीच तांदूळ निवडत बसे. मी एकदा चिडून विचारलं, अवं, निघाली तरी कुठं एवढी नटून? तिनं तांदळातून मान नाही उचलली. म्हणे, कुठं नाही ताई, तयार व्हायची सवय मोडू नये म्हणून. मले तवा हसू आलं होतं. मागून नाही आलं.

पोरं मात्र तिच्याकडं धावत येत. ट्यूशन म्हणजे काय, फळ्यांवरच्या सतरंजीवर दहाएक पोट्टे, अन् ही मधात घरातलं सामान मांडून बसलेली. पुस्तक नंतर, आधी डबे. मी आतून भाजी चिरता चिरता ऐकत राहो. बाबा दाराआड खाटेवर पडून ऐकत, पण झोपल्याचं सोंग करून.

त्या आठवड्यात मूलद्रव्य, मिश्रण अन् संयुग चालू होतं. पहिले तिनं तांब्याची तार दाखवली. म्हणे, हिले तोडा, कुटा, वितळवा, तांब्यातून तांबंच निघन, दुसरं काही नाही, म्हणून हे मूलद्रव्य. मंग बाबांच्या खर्ऱ्याची पुडी उचलली, विचारून बरं का. पोट्टे फिदीफिदी हसले. ती म्हणे, हसू नका, पाहा. सुपारी, तंबाखू, चुना, कितीही घोटा, सुपारी सुपारीच राहते. वेळ असला तं चिमट्यानं एकेक तुकडा निवडून बाजूले काढता येते. अन् चुना आज कमी टाकला, उद्या जास्त टाकला, तरी तो खर्राच. हे मिश्रण. अन् खाऊ नका कोणी. मंग मीठ घेतलं. म्हणे, याच्यात एक आहे सोडियम, पाण्यात टाकला का पेट घेते. दुसरा क्लोरीन, हुंगला का जीव जाईन. दोघं ठरल्या मापानं जुळले अन् त्याचं मीठ झालं, जे आपण रोज वरणात टाकतो. आता यातला सोडियम चाळणीनं, चिमट्यानं निघन का? साध्या रितीनं निघत नाही. म्हणून हे संयुग.

रात्रीच्या जेवणाले बाबा भलतेच खूश. म्हणे, आज आमच्या सुनेनं लाखाची गोष्ट सांगितली. घरात सून येते ते खर्रा नाही होत, मीठ होते. जुळली का जुळली, मंग निवडून काढता येत नाही.

ऋतुजा वाढता वाढता थांबली. म्हणे, बाबा, मी साध्या रितीनं म्हणलं होतं.

"एकच ते," बाबा म्हणे अन् भात कालवू लागले.

हे बोलणं फुकट नव्हतं. त्याच दिवशी दुपारी तिले फोन आला होता. भिवापूरले एक निवासी शाळा आहे, तिथं सायन्सची बाई अर्ध्या वर्षात सोडून गेली. राहायले खोली, जेवण तिथंच, पण सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसरं कोणी. तिनं जेवणाआधीच बाबांना विचारलं होतं. बाबांनी नाही म्हणलं नव्हतं, फक्त पान वाढा म्हणलं होतं. अन् मंग हे मीठ काढलं. भूपेश ताटात पाहत होता. मी म्हणलं मनात, बोल रे बाबा काहीतरी, तुझी बायको आहे. नाही बोलला.

मी खोटं नाही बोलणार. मले वाईट वाटलं, अन् बरंही वाटलं. सासूबाई गेल्यावर या घराचं सगळं माझ्या अंगावर पडलं. माझी पोरगी लग्न होऊन उमरेडले गेली. ऋतुजा आली तवा पहिल्यांदा मले दुपारी पाठ टेकायले भेटली होती. ती गेली का पुन्हा मी अन् बाबा अन् चार भिंती. त्या रात्री ती मोरीत नळ सोडून रडून राहिली होती, नळाचा आवाज लय वेळ आला, अन् मी पलीकडं भांडी घासत हेच मोजून राहिली होती का ही गेली तं माझं काय होईन.

शनिवारी खड्ड्यावरची एक फळी मोडली. पोट्टे गेले होते. बाबा खाटेवरून उठून सतरंजीवरून दाराकडं निघाले, अन् जुनी फळी कडकन खाली गेली. बाबांचा एक पाय मागाच्या खड्ड्यात. ज्या खड्ड्यात उभी जिंदगी पाय सोडून बसले, त्यानंच घोटा मुरगळला. आम्ही दोघींनी बगलेत धरून वर ओढलं तं म्हणे, खाटेवर नको, इथंच बसवा. बसले मंग काठावर, पाय खाली सोडून, अगदी विणायले बसल्यासारखे. या माणसानं पन्नास वर्षं भिंतीकडं तोंड करून या भोकात पाय घातले होते, अन् त्याले वाटे हीच घराची शान आहे.

हाड शाबूत होतं, डॉक्टरनं पाहून सांगितलं. सूज उतरायले बाबांना गोळीपेक्षा हळद-चुन्याच्या लेपावर विश्वास. मी पळीत हळद घेतली, बाबांच्या चुन्याच्या डबीतला चुना टाकला, पाणी घालून गरम केलं. पिवळी हळद अन् पांढरा चुना, बोटानं फिरवलं का लालभडक. संध्याकाळी दोन्ही पोरं कामावरून आले होते. ऋतुजा पाय धरून बसली होती अन् मी लेप लावून राहिली होती. बाबांनी तो रंग पाहिला अन् त्यांच्या डोक्यात पुन्हा मीठ शिरलं.

"थांब," म्हणे मले. मंग ऋतुजाकडं वळले. "हे काय आहे सांग. हळद पिवळी होती, चुना पांढरा होता. आता दोन्ही नाही. लाल झालं. हे तुझं संयुग का नाही?"

"रंग बदलला म्हणजे काहीतरी जुळलं, हव बाबा," ती म्हणे.

"मी उभा जन्म सुताले रंग दिला. रंग धरला का धरला." बाबांनी पळी उचलून तिच्यासमोर धरली. "यातली हळद वेगळी करून दाखव. पिवळी पाहिजे, होती तशी. दाखवली तं जाय सोमवारी भिवापूरले, मी अडवणार नाही. नाही दाखवली तं पुन्हा या घरात नोकरीचं नाव नाही काढायचं. पोरांसमोर बोलून राहिलो."

धर्मेंद्र म्हणाले, बाबा, पाय पाहा आधी. बाबांनी हातानंच गप बसवलं. बाबा जबानीचे पक्के, हे सगळ्यांना माहीत. लग्नाच्या बैठकीतली ती एक हव सोडली तं.

ऋतुजा पळीकडं पाहत राहिली. घाबरली नव्हती ती. तिच्या चेहऱ्यावरून मले समजलं का तिले येते, अन् येते म्हणूनच तिले जड जाऊन राहिलं. सुजल्या पायाच्या म्हाताऱ्याले त्याच्याच पोरांसमोर खोटं पाडायचं. मंग ती माझ्याकडं वळली.

"ताई, एक लिंबू देता का?"

मी उठली. स्वयंपाकघरात टोपलीत लिंबं होते, वरच होते. मले माहीत होतं ती काय करणार. सायन्स नाही शिकली मी, पण या घराचे कपडे मीच धुते. हळदीचा डाग साबणानं लाल होते, अन् लिंबू चोळलं का पुन्हा पिवळा, हे कोणत्या बाईले माहीत नाही? मी टोपलीजवळ उभी राहिली. लिंबू संपले म्हणायचं होतं फक्त. एवढंच. कोणी उठून पाहायले येणार नव्हतं. सोमवार निघून गेला असता, अन् दुपारी माझी पाठ टेकली असती. ते शब्द माझ्या ओठावर आले होते, मी कबूल करते. तेवढ्यात बाहेरून तिच्या बांगड्या वाजल्या, घड्याळाले लागून. शनिवारची संध्याकाळ, घरात बसलेली, अन् तिनं घड्याळ घातलेलंच होतं.

मी लिंबू कापून नेलं.

तिनं बशीत थोडा लेप काढला अन् वर लिंबू पिळलं. जरासा फेस आला. कडेनं पिवळं झालं, मंग बोटानं फिरवलं तं सगळंच पिवळं, डब्यातल्या हळदीसारखं. भूपेश पुढं वाकून पाहत होता. बाबांनी बशी हातात घेतली, उजेडाकडं तिरपी केली, जसे ते धोतराचा काठ पाहत. लय वेळ पाहिलं.

"अन् चुना?" बाबांनी विचारलं. "चुना कुठं गेला?"

"तो लिंबाच्या आंबटाशी जुळला, बाबा," ती हळूच म्हणे. "हळदीचा रंग परत आला. चुना नाही येत परत. त्याचं वेगळंच काही होऊन गेलं."

तिनं हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. जिंकली होती ती. पण शिकवताना अर्धं सांगायचं तिच्या स्वभावात नाही. बाबांनी बशी खाली ठेवली अन् म्हणे, "जाय."

सोमवारी भूपेशनं तिले एसटीत बसवून दिलं. तीच साडी, तीच पर्स, पाण्याची बाटली. यावेळी खरोखर निघाली होती ती, अन् दारात माझ्या गळ्यात पडून म्हणे, ताई, तुम्ही लिंबू दिलं. मी म्हणलं, चाल, गाडी चुकन. आता भूपेश शनिवारी जाते तिच्याकडं, येताना तिथली मिरची आणते. तिचे फोन येतात. आवाज मोकळा झाला तिचा.

अन् मी इथं. समोरची खोली रिकामी आहे, मोडकी फळी काढली तशीच पडली आहे, अन् बाबा दुपारभर खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसतात. पाय बरा झाला, पण लेपाची सवय लागली. परवा मी लेप लावून राहिली होती. लाल झाला. बाबा त्याच्याकडं पाहत होते.

"लिंबानं पिवळं होते, हे तुले माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हव. तुमचे धोतर मीच तं धुते."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही, बाबा."

बाबा पाय हलवत राहिले, खाली पावडी असल्यासारखे. मंग माझ्याकडं न पाहता म्हणे, "प्रेमिला, तुले जायचं होतं का कुठं?"

या घरात आल्यापासून हे मले कोणी विचारलं नव्हतं. मालकानं नाही, पोरीनं नाही, माझ्या आईनंही नाही. माझा हात थांबला. मी खरंच शोधलं मनात, एखादं गाव, एखादं काम, एखादं दार. जीव तोडून शोधलं. एक नाव आठवलं नाही.

मी म्हणलं, "पाय हलवू नका, बाबा. लेप पडते."