त्याला शाळा म्हणायचं नाही

लेक चौथीत असताना पालकसभेत मला सांगण्यात आलं की मुलगी हुशार आहे, पण खिडकीबाहेर बघत बसते. त्या खिडकीबाहेर शाळेच्या बस उभ्या करायची जागा होती आणि तिच्यापलीकडे नुसती वाळू. तिथे एवढं बघण्यासारखं काय असेल, असा मला प्रश्न पडला. नवऱ्याला वेगळाच पडला. गाडीत बसल्यावर एसीचा पहिला गरम झोत ओसरला तसा तो म्हणाला, "तिचं काही चुकत नाहीये. सिस्टिमच चुकीची आहे."

माझा नवरा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात नोकरी करतो. तिथे प्लास्टिकचे डबे तयार होतात, आणि प्रत्येक डबा आधीच्या डब्यासारखाच निघतो आहे ना, हे पाहणं ही त्याची जबाबदारी. दिवसभर हे काम करून अबू धाबीच्या रस्त्याला लागणाऱ्या माणसाला आपली मुलगी तरी डब्यासारखी निघू नये असं वाटणं मी समजू शकते. पण त्याने हे मनावर घेतलं, आणि तो एखादी गोष्ट मनावर घेतो तेव्हा घरातल्या बाकीच्यांना ती अंगावर घ्यावी लागते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो शिक्षणाच्या एका प्रदर्शनाला जाऊन आला. येताना पिशवीभर माहितीपत्रकं आणि एक शब्द घेऊन आला: पर्सनलाइज्ड. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा, प्रत्येकाची वाट वेगळी. आधी त्याला चार्टर शाळा आवडल्या. खर्च सरकारचा, चालवणारी मंडळी खाजगी, आणि फी नाही. त्याने उत्साहाने फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की या शाळा आधी इथल्या नागरिकांच्या मुलांसाठी आहेत, पण सर, पुढेमागे, इन्शाल्ला. इतकी वर्षं इथे काढल्यावर कुठलं इन्शाल्ला होकाराचं आणि कुठलं नकाराचं, हे नवऱ्याला नीट कळतं. त्याने आभार मानून फोन ठेवला.

मग त्याने एक खाजगी शाळा पाहिली. तिथे वर्गाला वर्ग म्हणत नव्हते आणि मुलं जमिनीवरच्या गुबगुबीत पुफवर लोळून अपूर्णांक शिकत होती. फी त्याने दिरहममध्ये सांगितली आणि सवयीने मोठ्याने रुपयांत करायला घेतली. अर्ध्यात थांबला. हिशेब अर्ध्यात सोडलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

"आपणच करूया," तो म्हणाला.

"काय?"

"शिक्षण."

'आपण' म्हणजे मी, हे लग्नाला बारा वर्षं झालेल्या बाईला सांगावं लागत नाही. मी मुंबईत बँकेत होते, इथे आल्यावर घरी होते. त्याच्या मते एवढी पात्रता पुरेशी होती, कारण नव्या पद्धतीत शिकवायचं नसतंच. मुलीचं नाव एका ऑनलाइन शाळेत घालायचं, त्यांचा टॅबलेटवरचा कार्यक्रम तिच्या वेगाने तिला पुढे नेणार, मी फक्त आसपास असायचं.

पण एकट्या मुलीने दिवसभर घरात बसायचं हे मला पटेना. खलिफा सिटीतल्या ज्या व्हिलाचे तुकडे करून भाड्याने दिले आहेत, तिच्यातल्या वरच्या तुकड्यात आम्ही राहतो. खालच्या तुकड्यात रत्नागिरीच्या भाभी राहायच्या. त्यांचा नवरा खोर फक्कानच्या बंदरात कामाला, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. भाभींच्या भावाचं दुकान इथे असल्यामुळे कुटुंब इथे. त्यांचे दोन मुलगे वर्षाच्या मध्येच गावाहून आले होते आणि कुठल्याच इंडियन शाळेत जागा मिळत नव्हती. तिसरी माझी पुण्याची मैत्रीण. ती घरून आयटीचं काम करायची, आणि तिच्या मुलीला ब्रिटिश शाळेत रोज पोटात दुखायचं. अशी चार मुलं त्याच ऑनलाइन शाळेत नाव घालून आमच्या हॉलमध्ये जमली.

पहिल्याच दिवशी नवऱ्याने नियम सांगितले. घंटा नाही, वेळापत्रक नाही, मार्क नाहीत, युनिफॉर्म नाही. "आणि याला शाळा म्हणायचं नाही," तो मुलांना म्हणाला.

"मग काय म्हणायचं, काका?" भाभींच्या थोरल्याने विचारलं.

"लर्निंग स्पेस."

"म्हणजे हॉल," मुलगा म्हणाला आणि जाऊन बसला.

नवरा कारखान्यात निघून गेला. चार कोपऱ्यांत चार मुलं, कानांवर चार हेडफोन, समोर चार टॅबलेट. घर इतकं शांत झालं की फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागला. संध्याकाळी त्याने विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "शांत." त्याचा चेहरा उजळला. शांतता ही त्याच्या कारखान्यात सगळं सुरळीत चालल्याची खूण असते.

कार्यक्रम खरंच हुशार होता. भाभींच्या धाकट्याला जहाजांचं वेड आहे हे त्याने दोन दिवसांत ओळखलं आणि मग त्याला सगळं जहाजातूनच द्यायला लागला. बेरीज कंटेनरांची, भूगोल बंदरांचा, इंग्रजीच्या धड्यात कॅप्टन. भाभी एकदा वर आल्या, मागे उभ्या राहून बघत राहिल्या. "वहिनी," त्या मला हळूच म्हणाल्या, "याचा बाप दिवसभर जहाजं बघून कंटाळून घरी येतो. पोरगा त्याच्याशी बोलायला जातो ते पण जहाजावरच. याला जरा दुसरं काही दाखवायचं नाही का?" मी सांगितलं की ते आपल्या हातात नाही, ते मुलाच्या आवडीवर आहे. "सात वर्षांच्या पोराच्या?" भाभींनी विचारलं आणि त्या खाली गेल्या.

माझी लेक त्याहून पुढे गेली होती. चुकीचं उत्तर दिलं की कार्यक्रम रागावत नाही, पुढचा प्रश्न सोपा देतो आणि धीर खचू नये म्हणून वर एक चांदणी देतो, हे तिच्या लक्षात आलं. मग ती मन लावून चुकायला लागली. महिनाअखेरीस चांदण्यांचा ढीग लागला होता आणि गणित दुसरीच्या पातळीवर आलं होतं. अहवालात लिहिलं होतं की मुलगी आपल्या वाटेवर आत्मविश्वासाने चालली आहे. वाट उतरणीची होती, एवढंच त्यात लिहिलं नव्हतं. नवऱ्याने तो अहवाल दोनदा वाचला. "आत्मविश्वास बघ," तो म्हणाला.

बदल कुठून सुरू झाला हे मला नीट आठवतं. भाभींची मुलं मनाला येईल तेव्हा वर येत, मनाला येईल तेव्हा खाली जात, आणि माझा अर्धा दिवस दार उघडण्यात जाई. एक दिवस भाभी म्हणाल्या, "एक घंटी ठेवा ना. वाजली की पाठवते." घंटेला बंदी होती. पण कुकरच्या शिट्टीला बंदी नव्हती. सकाळी वरण लावलं की पहिल्या शिट्टीला मुलं वर येऊ लागली. दुपारी भात लावला की त्या शिट्टीला चौघंही हेडफोन काढून डबे उघडायला लागली. डबे उघडायचे तर एकत्र बसायला हवं, म्हणून कोपरे सुटले आणि मुलं सतरंजीवर एका ओळीत आली. जेवण झाल्यावर पुन्हा कोपऱ्यात जायला कोणी तयार होईना.

थोरला रत्नागिरीच्या शाळेत मॉनिटर होता. चार मुलं एका ओळीत बसलेली पाहिल्यावर त्याला राहवलं नसावं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर पांढऱ्या फळ्यावर 'बोलणाऱ्या मुलांची नावे' असं लिहून त्याने खाली माझ्या लेकीचं नाव घातलं होतं. लेक संतापली होती.

"आय वॉजन्ट टॉकिंग!"

"आत्ता बोललीस," तो म्हणाला आणि नावापुढे फुली मारली.

मला वाटलं, आता रडारड होणार. पण दुसऱ्या दिवशी ती शिट्टीच्या आधीच तयार होऊन बसली. तिला फळ्यावर त्याचं नाव लिहायचं होतं.

पुढचं सगळं मुलांनीच केलं. पुण्याच्या मैत्रिणीची मुलगी, जिला शाळेच्या नावाने पोटात दुखायचं, तिने सगळ्यांनी निळी पँट आणि पांढरा टी-शर्ट घालून यायचं असं जाहीर केलं. "अगं, ही कपाटातून युनिफॉर्म शोधतेय," मैत्रीण मला फोनवर म्हणाली. "काय करू? घालू देऊ?" मी म्हटलं, "मुलांची आवड आहे. पद्धतीत बसतं." एका सकाळी वरण उतरवून आले तर चौघं भिंतीशी रांगेत उभी राहून आधी इथलं राष्ट्रगीत अरबीत आणि मग आपलं म्हणत होती. थोरल्याने अरबी ओळी पाठ केल्या होत्या, धाकट्याला त्या येत नव्हत्या, तो तोंड हलवत होता. माझी लेक, जिने आजवर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला कधी मराठीत उत्तर दिलं नव्हतं, ती त्याला म्हणाली, "नीट उभा राहा. हात खाली."

यातलं मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो सकाळी वरण लागायच्या आधी निघायचा आणि संध्याकाळी मुलं गेल्यावर यायचा. आल्यावर विचारायचा, "कसं चाललंय?" मी म्हणायचे, "छान." ते खरंच होतं.

मग एके दिवशी त्यांच्या कारखान्यात मशीन बंद पडलं आणि तो दुपारीच घरी आला. त्याने दार उघडलं तेव्हा मॉनिटर पट्टी हातात घेऊन सातचा पाढा म्हणवून घेत होता, धाकटा आणि पुण्याची मुलगी सुरात ओरडत होती, आणि आमची लेक तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात उभी होती. शिक्षा झाली होती. भिंतीकडे तोंड करून ती हसू दाबत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"हे काय आहे?" नवऱ्याने दारातूनच विचारलं. "हे कोणी सुरू केलं?"

मॉनिटरने पट्टी मागे लपवली. लेक वळली. "वी डिड, बाबा."

"पण कशासाठी? तुला तुझ्या वेगाने शिकता यावं म्हणून मी..." तो थांबला. "तुला तिथे कोपऱ्यात उभं राहायला आवडतं?"

तिने जरा विचार केला. "दे ऑल लुक ॲट मी व्हेन आय स्टँड हिअर," ती म्हणाली. "ऑन द टॅबलेट इट्स जस्ट मी. ऑल डे, बाबा. इट्स जस्ट मी."

नवरा सोफ्यावर बसला. मला वाटलं, आता भाषण होणार.  पण त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. मुलांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी हळू आवाजात पाढा पुढे चालू केला. सात सक्क बेचाळीस, सात सत्ते एकोणपन्नास. धाकटा सात अठ्ठ्यावर अडला तेव्हा सोफ्यावरून नवरा म्हणाला, "छप्पन्न." मॉनिटरने त्याच्याकडे बघितलं आणि नाइलाजाने म्हणाला, "काका, मध्ये सांगायचं नाही."

त्या रात्री जेवताना तो मला म्हणाला, "माझ्या शाळेत साठ मुलं होती. मला कोणी कधी बघितलंच नाही. मला वाटलं, तिला तरी कोणीतरी फक्त तिच्याकडे बघणारं मिळावं." मी त्याला आणखी आमटी वाढली. त्याने जे केलं ते का केलं, हे मला तोवर कळलंच नव्हतं. डब्यांचा सिद्धांत मी माझाच मांडून बसले होते.

एप्रिलमध्ये आम्ही मुसाफ्फाकडच्या एका साध्या इंडियन शाळेत प्रवेशासाठी गेलो. तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडम उत्साहाने सांगू लागल्या की यंदापासून त्यांच्याकडेही सगळं पर्सनलाइज्ड होणार आहे, प्रत्येक मुलाला टॅबलेट, प्रत्येकाची वेगळी वाट. लेकीने माझा हात घट्ट धरला. नवऱ्याने घसा साफ केला.

"एका वर्गात मुलं किती?"

मॅडमनी आवाज खाली आणला. "सर, सध्या जरा जास्त आहेत. तीसच्या वर. पण आम्ही कमी करायचा प्रयत्न..."

"नको, नको," नवरा म्हणाला. "चालेल."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कमी मुलं मागणारे पालक त्यांना रोज भेटत असणार. भाभींच्या मुलांनाही तिथेच जागा मिळाली. थोरल्याला तिथे कोणी मॉनिटर केलं नाही, त्याचं दुःख त्याला काही दिवस पुरलं. लेक गणितात बरीच मागे होती, ती वर्षभरात वर आली, आणि पुढच्या पालकसभेत तिच्याबद्दल तक्रार होती की ती वर्गात फार बोलते.

माझा हॉल रिकामा झाला, पण फार दिवस नाही. पुण्याच्या मैत्रिणीने कुणाला तरी सांगितलं, त्या कुणीतरी आणखी कुणाला. खलिफा सिटीत एका मराठी बाईकडे फार कडक शिस्त आहे, अशी माझी ख्याती झाली. पहिली आई आली ती एका भारी शाळेतल्या मुलाची. पुफवाल्या शाळेतल्या. "तिथे सगळं फार सुंदर आहे हो," ती म्हणाली, "पण त्याला कोणी तरी दोन तास समोर बसवून पाढे म्हणवून घ्यायला हवेत. तुमच्याकडे जागा आहे का?"

मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, करायचंच असेल तर रीतसर परवानगी काढून कर, आणि परवानगीसाठीची माहिती त्यानेच ऑनलाइन भरली. आता दुपारनंतर आठ मुलं येतात, दोन चार्टर शाळेतलीही आहेत, आणि त्यातल्या एकाची अरब आई मला दारातूनच "यल्ला, टीचर, स्ट्राँग, स्ट्राँग" असं, म्हणजे चला, कडक शिकवा, असं बजावून जाते. नवरा घरी येतो तेव्हा पाढे चालू असतात. तो बूट हातात घेऊन भिंतीच्या कडेने आत जातो. मुलं उठून उभी राहतात आणि एका सुरात म्हणतात, "गुड इव्हिनिंग, सर." तो हात हलवून बसा म्हणतो, आणि आत जाऊन स्वतःसाठी चहा ठेवतो.