तांब्यातला फोन

शाळेत मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात रेंज का नाही हे शोधायचं काम आपोआप माझ्याच गळ्यात पडलं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या गावी, धावड्यात, आम्हाला हा प्रश्न नव्हता. बाबा बाहेर ओट्यावर बसून बोलायचे, तिथे रेंजच्या चार काड्या असत. मग पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं, खाट आतल्या खोलीत गेली आणि काडी उरली एक.

धाकटी बहीण जर्मनीत नर्स आहे. ती निघाली तेव्हा बाबांनी "जाऊ नको" म्हणत अबोला धरला होता. बाबा पडल्यापासून मात्र ती रोज संध्याकाळी फोन करायची, आणि "हॅलो बाबा" एवढ्यावर फोन तुटायचा.

बाबा भिंतीकडे तोंड फिरवत. "तिनंच ठेवला. राग गेला न्हाई तिचा."

"रेंज न्हाई हो बाबा."

"मंग तू बोलतो तव्हा कशी राह्यते?"

मला फार वाईट वाटायचं. बहिणीलाही मी रेंजचं सांगितलं होतं. ती नुसतं "बरं" म्हणाली होती. पण बाबांचा प्रश्न बिलकुल बराबर होता आणि तो माझी पाठ सोडेना. फोन हातात धरून मी घरभर फिरलो. खिडकीत दोन काड्या, पत्र्याखाली एक, लोखंडी कपाटाशेजारी एकही नाही. कपाट हलवलं, खाट खिडकीला लावली.

"आता घरच उचलून ओट्यावर ठेवा," बायको म्हणाली.

तरी तेच. दोन काड्या असून फोन तुटायचा, तोही नेहमी "हॅलो"नंतर, आधी कधीच नाही. असं का? "हॅलो"नंतर मी नेमकं काय करतो, हे आठवलं आणि कपाळाला हात लावला.

बाबांना कमी ऐकू येतं. म्हणून फोन स्पीकरवर टाकून मी स्टीलच्या तांब्यात उभा करायचो. आवाज चांगला मोठा होतो. ही शक्कल माझीच, आणि तिची मला ऐटही होती. फोन तांब्यात ठेवून बायकोच्या फोनवरून लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बाहेर काढला, की वाजला. पाच वेळा करून पाहिलं. मजा वाटत होती आणि लाजही, कारण धातू लहरी अडवतो हे वर्गात मीच सांगतो.

बायकोनं दह्याचं रिकामं गाडगं पुसून पुढे केलं. मातीत आवाज घुमला आणि काड्याही दोनच्या दोन राहिल्या.

संध्याकाळी फोन आला. "हॅलो बाबा." मी तो गाडग्यात ठेवला. बाबा तो तुटायची वाट बघत गप्प बसले. पलीकडे तीही गप्प. मग गाडग्यातून हळूच आवाज आला, "बाबा, आज फोन ठेवला न्हाई तुम्ही?"

बाबा कोपरावर उठले. "मी कव्हाच ठेवला न्हाई गं, बाई."