निळ्या औषधात पाणी

दोन हजार एकवीस साल, मी सत्तरीला टेकलेलो. युसूफ वडगावाकडं आमचं गाव. तिथल्या डेअरीत दूध गार करायचं मशीन होतं, त्याची चावी माझ्या धाकट्या भावाकडं. टाकीभोवती नळ्या, नळ्यांतून निळं औषध पंपानं फिरायचं आणि दुधाची ऊब ओढून न्यायचं.

थंडीत एक नळी फुटली, औषध सांडलं. मेकॅनिकनं नळी जोडली, नवा ड्रम ठेवला, "अर्धं हे, अर्धं पाणी," म्हणाला आणि गेला. भावानं ड्रमातलं निखळच ओतलं.

"पाणी कावून न्हाई घातलं?" मी विचारलं.

"दादा, घागर घेऊन डेअरीत शिरताना कुणी बघितलं म्हंजे? नळीत घातलं का दुधात, कोण इचारतंय!"

खरंच होतं. पाण्याच्या नुसत्या संशयावर आमच्या गावानं एकाचं दूध कायमचं बंद केलेलं. मीच रिकामा ड्रम कोपऱ्यात सरकवला.

संध्याकाळचं दूध टाकीत पडलं. आधी औषध ऊबदार होतं तवर बरं वाहिलं. गार होत गेलं तसं काकवीगत दाटलं. पंप कण्हायला लागला, दूध कोमटच. भावाला वाटलं, गारवा कमी पडतोय. त्यानं बटण आणखी खाली फिरवलं. औषध आणखी दाटलं.

सकाळी टँकरवाल्यानं झाकण उघडून वास घेतला आणि पाइप गुंडाळला. साऱ्या गावाचं दूध नालीत गेलं.

"काका, बासुंदी करायची व्हती तर साखर तरी मागायची!" एक जण भावाला म्हणाला. लोक हसले. ज्यांच्या घरी त्या दुधावर चूल पेटायची, ते हसले न्हाईत.

चेअरमननं मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "गार झालं की ते दाटतंच. पाणी असलं तरच वाहतं. अर्धं काढा, पाणी घाला."

"म्हंजे पाणी चोरलं व्हय!" मागनं कुणीतरी बोललं.

भावानं चावी टेबलावर ठेवली. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला. जेवला न्हाई. तो पुन्हा कधी डेअरीची पायरी चढला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सारा गाव किटल्या घेऊन रांगेत उभा असताना, मी घागर भरली, खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या देखत डेअरीत शिरलो.