काटे काढायचा चिमटा

आता चहा ओतलाच आहे तर माझ्या शहाणपणाची गोष्टही ऐकून घ्या. तुम्ही हसा. मला अजून जमलेलं नाही.

पीएचडीसाठी मी दोन वेगळ्या ऑक्साइडचे पापुद्रे एकावर एक चढवत होतो. केसाहून हजारपट पातळ. एकेकटे चुंबकाला अजिबात दाद न देणारे. पण दोघं जिथे टेकतात, त्या सांध्यावर म्हणे चुंबकत्व जागं होतं. दोन गरीब शेजारी बांधावर समोरासमोर आले की काय होतं, हे आपल्या वाशीम जिल्ह्यात कोणाला शिकवायचं?

चार वर्षं काही दिसेना. पाचव्या वर्षी दिसलं, तेही भरभरून. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आधी पुन्हा तपासा." मी आधी घरी फोन केला.

आठ दिवसांत मालेगावच्या स्टँडवर माझा फोटो लागला. गावात मांडव, शाल, नारळ. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "पोट्ट्यानं नवं चुंबक शोधलं."

माझं भाषण झाल्यावर शाळेतले विज्ञानाचे सर उठले. "इतकी बारीक चीज तू धरतं कायनं बाप्पा?"

मला वाटलं, झकास प्रश्न. प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा चिमटा पाचव्या वर्षीच मोडला होता, नव्यासाठी अर्ज कोण करत बसणार? मी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून उंच धरला. शहरात निघताना बाबांनी दिलेला, पायातले काटे काढायचा चिमटा त्याला लटकत होता.

"माझ्या बापाच्या या चिमट्यानं," मी माइकवर म्हणालो. टाळ्या पडल्या. बाबांनी डोळे पुसले.

सरांनी टाळी वाजवली नाही. हळूच विचारलं, "लोखंडाचा हाय ना?"

परत गेलो. त्याच चिमट्यानं पापुद्रे न चढवलेली एक कोरी चकती उचलली, तिचं चुंबकत्व मोजलं. तेवढंच भरलं. सांध्यावर काही नव्हतंच, चिमट्याच्या लोखंडाचा कीस लागला होता. म्हणजे ज्या चार वर्षांत काहीच दिसलं नाही, तीच खरी होती. मॅडम ओरडल्याही नाहीत, नुसती फाइल बंद केली. ते फार लागलं. आता विषय नवा, सुरुवात पहिल्यापासून.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं, आणि लाजेपोटी वर म्हणालो, "तुमच्या चिमट्यानं घात केला."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यानं तीस वर्सं काटेच काढले. रुतवला पयल्यांदा तू."