वर्षाची बेगमी, काचेच्या बाटलीत

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या लॅबमधल्या मामांना मी काय बोलले ते पुढे वाचून तुम्ही म्हणाल, काय बाई आहे ही! तशी मी वाईट नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, दहिवलीला आईबरोबर राहते, आणि सहा वर्षं गंजापुढे डोकं फोडत होते.

गंज म्हणजे खरोखरचा गंज. लोखंडाच्या ऑक्साइडची तांबडी पूड पाण्यात टाकली की कणांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. पाणी आम्लधर्मी असेल तर तो धन असतो. त्यात थेंबाथेंबानं कॉस्टिक सोडा घालत गेलं की कमी कमी होत शेवटी ऋण होतो. मधे एक जागा अशी येते की कण ना इकडचा ना तिकडचा. ती जागा नेमकी कुठे, हे शोधणं म्हणजे माझी पीएचडी. अशा पुडीनं पाण्यातले विषारी धातू ओढून घेता येतात, पण ती कुणाला कधी जवळ करते ते आधी कळायला हवं. आमच्या आईला कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर ती सांगायची, "गंज काढते." मी चिडायचे. पण तिचं फारसं चुकत नव्हतं.

अडचण अशी होती की ती जागा जागेवर राहीना. मे महिन्यात त्या जागेचा जो आकडा, म्हणजे पाण्याचा पीएच, मिळे, तो पावसाळ्यात खाली घसरे, दिवाळीनंतर आणखी खाली जाई, आणि पुढच्या मे महिन्यात मुकाट्यानं परत येई. दर वर्षी हेच. मी दमट हवेला दोष दिला, लाइट जाण्याला दिला, मीटर दोनदा दुरुस्त करून आणला. उरले मामा. आमच्या लॅबमधली सगळी भांडी ते धुतात. एका दुपारी चार विद्यार्थ्यांसमोर मी त्यांना म्हणाले की तुमच्या धुण्यापायी माझी वर्षं वाया गेली. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक भांडं दोनदा धुवायला लागले आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले. आकडा मात्र घसरायचा तो घसरलाच.

माझ्या गाइड मॅडम मुंबईला असतात. बाई शांत, पण त्यांनाही किती दिवस कड घेता येणार? त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की येत्या समितीपुढे तीन वेळचे आलेख एकावर एक बसले नाहीत तर हा प्रबंध इथेच संपला. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. वय एकेचाळीस. नवा विषय घेऊन पुन्हा श्रीगणेशा करण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती, आणि हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी चाचा आले. चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे मोहोपाड्याच्या कारखान्यातले सोबती. दोघं बॉयलरचं पाणी तपासायचे. बाबा जाऊन पाच वर्षं झाली, तरी चाचा दोन-तीन महिन्यांनी सुकट घेऊन आमच्याकडे येतातच. आई सुकटीची वाट बघते आणि त्यांचीही. चहा झाला की ते मला न चुकता विचारणार, "काय गं, तुझ्या पाण्याचं काय चाललंय?" आणि मी न चुकता सांगणार, चाललंय चाचा, तुम्हाला नाही कळायचं ते. दहावी झालेल्या माणसाला पृष्ठभागावरचा भार काय समजावायचा, असं मला वाटे. माज होता तो, त्याला दुसरा शब्द नाही.

त्या दिवशी त्यांनी विचारलं आणि माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं, समिती, मुदत, घसरणारा आकडा, मामासुद्धा. रडलेही. मी थांबल्यावर चाचांनी दोनच गोष्टी विचारल्या, कॉस्टिक कधी बनवतेस आणि कशात ठेवतेस.

हे मात्र मी जरा तोऱ्यातच सांगितलं. आमच्या घरी मे महिन्यात वर्षाचा मसाला कांडून आणतात आणि काचेच्या बरणीत गच्च भरून ठेवतात. सारखा सारखा केला तर चव बदलते, असं आई म्हणते. मीही तसंच करत होते. मे महिन्यात वर्षभराचं कॉस्टिक एकदम बनवायचं, म्हणजे दर प्रयोगाला तेच. महिन्याच्या महिन्याला त्याची ताकद तपासायची. आणि ठेवायचं ते बाबांनी एम.एस्सी. झाल्यावर दिलेल्या जाड काचेच्या मोठ्या बाटलीत. प्लास्टिकचा काय भरवसा?

चाचांनी कप खाली ठेवला.

"कॉस्टिक काच खातं गं," ते म्हणाले. "बॉयलरवाल्याची पोर तू, तुला ठाव नाय?"

मग त्यांनी मला शिकवलं, आणि मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं ऐकलं. काचेतली सिलिका हळूहळू कॉस्टिकच्या पाण्यात उतरते. बॉयलरच्या नळ्यांवर तिचा असा थर बसतो की छिन्नीनं खरवडला तरी निघत नाही. म्हणून बॉयलरच्या पाण्यात ती किती ते मोजतात, आणि सॅम्पल घ्यायचं ते प्लास्टिकच्याच बाटलीत, नाहीतर काचेतली सिलिकाही मोजली जाते. लोखंडाला सिलिका लय आवडते, म्हणाले. माझी पूडही लोखंडाचीच की! बाटलीत कॉस्टिक जसजसं जुनं होत होतं, तसतशी माझ्या कणांवर सिलिका बसत होती, आणि मे महिन्यात ताजं बनवलं की सगळं पुन्हा ठीक. कॉस्टिकची ताकद मी तपासत होते, त्यात आणखी काय उतरलंय ते नाही. हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. पण बाबांच्या बाटलीत असं काही होईल हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या बाटलीत ताजं कॉस्टिक केलं. तीन दिवसांत तीन प्रयोग, आणि तिन्ही रेघा मे महिन्यातल्या रेघेवर, एकीवर एक. मॅडम फोनवर म्हणाल्या, "बसलं गं बाई एकदाचं." मी त्याच चार विद्यार्थ्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर मामांची माफी मागितली. मामा म्हणाले, राहू द्या मॅडम, आता दोनदा धुवायची सवय लागली. त्या दिवसापासून बोलायला लागले.

पीएचडी मिळाली तेव्हा पेढे घेऊन मोहोपाड्याला गेले. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी पहिल्यांदा पुरं उत्तर दिलं, गंजाच्या पहिल्या चमच्यापासून. तासभर ऐकलं त्यांनी. शेवटी मी विचारलं, चाचा, ते काचेचं तुमच्या इतकं लक्षात कसं राहिलं?

"नोकरीच्या पहिल्याच हप्त्यात सॅम्पल काचेत घेऊन गेलो होतो," ते म्हणाले. "तुझ्या बापानं माझ्यासमोर ओतून दिलं. बोलला, पुन्हा जा, प्लास्टिकमधे आण."

मला एकदम बाबा दिसले, निवृत्तीनंतरचे, ओट्यावर बसलेले. माझं संशोधन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मी कॉलेजातून आले की तेही विचारायचे, काय गं, कसलं पाणी, कशात ठेवतेस? आणि मी चप्पल काढता काढता म्हणायचे, तुम्हाला नाही कळायचं बाबा. काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. चाचांनी सोडलं नाही, म्हणून मी आज डॉक्टर आहे. हे मी चाचांना तिथेच सांगितलं, आणि त्यांनी पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढे सरकवला.