येष्टी मीच आणली!

माझ्या हातनं झालेला घोळ मीच सांगतो. दुसऱ्यांनी सांगितला तर तिखटमीठ लावतेत.

गावाला येष्टी यावी म्हणून मी दोन वर्षं चपला झिजवल्या. का? तर माझी पोरगी, रेणुका. दहावी झाली की तिला ताडकळसच्या कॉलेजात घालायचं व्हतं, अन् गावातनं एक गाडी न्हाई!

शेवटी येष्टी आली. पण पंधरा दिवसच, बघण्यापुरती. डेपोचे सायब म्हणले, "शेवटच्या दिवशी मी सोता गाडीत बसतो. माणसं दिसली तर गाडी कायम, न्हाईतर बंद."

"सायब, पाय ठेवायला जागा मिळायची न्हाई!" मी छाती ठोकून सांगितलं.

नेमका तो दिवस बाजाराचा आला. आदल्या सांजेला मी देवळाम्होरं सगळ्यांना बजावलं, "उद्या कुणी मोटरसायकल काढायची न्हाई. समद्यांनी येष्टीनंच यायचं!" लोक कबूल झाले.

मला मातर म्होरं जाऊन सायबाला हार घालायचा व्हता. वांगी बी इकायची व्हती. म्हणून टेंपोत दोन कट्टे टाकले अन् निघालो. डोक्यात नुसतं भाषण चालू.

फाट्यावर पारूमावशी उभी, डोक्यावर गाठोडं. आता तुमीच सांगा, आपल्या गावचं माणूस उन्हात दिसल्यावर कुणी गाडी तशीच म्होरं काढतं का? पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"मावशी, कुठं चाललीस?"

"ताडकळसला की."

"मंग बस की! उभी काय ऱ्हायलीस?"

"आरं दिगू, पण..."

"पणबिण काय न्हाई, चढ!"

मावशी चढली. मागनं संभा, त्याची बायको, जावई, जावयाचे दोस्त. कुणी मागंम्होरं करायलं की मीच वरडायलो, "जागा हाय, लाजू नका!"

कडंला रेणुका कॉलेजचं दप्तर घेऊन उभी. म्हणली, "पप्पा, मी येष्टीनं..."

"येडी का काय! बापाची गाडी असताना?"

तिला म्होरं बसवलं. फाट्यावर चिटपाखरू ऱ्हायलं न्हाई.

ताडकळसला समद्यांना उतरवून वळीनं उभं केलं. "गाडी आली की टाळ्या वाजवा!"

येष्टी आली. डायवर, कंडाक्टर अन् खिडकीत सायब. बास, तिघंच!

सायब उतरले. "कुठं हायती तुमची माणसं?"

मी मागं बघितलं. माणसं जोरात टाळ्या वाजवायली व्हती.

तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! मला वाचवायला मावशी म्होरं आली. "सायब, ह्याला काय बोलू नका. लय भला हाय. आमाला समद्यांना फुकट आणलं, माझं अर्धं तिकीट बी वाचलं!"

"मंग गाडी हायच की तुमाला," सायब म्हणले अन् निघून गेले. हार माझ्याच हातात. लय लाज वाटली. रेणुका म्हणली, "पप्पा, मी सांगत व्हते की!"

येष्टी बंद झाली. आता रोज सकाळी सात वाजता पोरीला सोडायला मी टेंपो काढतो, अन् फाट्यावर निम्मं गाव उभं असतं.

परवा टायर पंक्चर झालं, अर्धा तास उशीर. मावशी कंबरेवर हात ठेवून उभीच. "दिगू, तुझ्या गाडीत तक्रारीचं पुस्तक कुठं ठेवलंस रं?"

रेणुकानं दप्तरातनं कोरी वही काढली. म्हणली, "थांब मावशी, आदी माझी तक्रार लिहू दे."