तुटलेल्या केबलवरून झालेलं ऑपरेशन

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींना हसणाऱ्यांतली मी. नेटवर्क इंजिनियर आहे... मशीनवरचा दिवा लागला तर लाइन आहे, नाही लागला तर नाही, एवढाच माझा देवधर्म. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही.

मी मूळची नाशिकची, आता नोकरीसाठी लखनौला. आलमबागेत आमच्या इंटरनेट कंपनीचं ऑफिस आहे. सीमेवर तणाव वाढला तेव्हा वरून हुकूम आला — काहीही होवो, हॉस्पिटलांचं नेट बंद पडता कामा नये. जनरेटरचं डिझेल, बॅटऱ्या, सगळं तपासलं. प्रत्येक हॉस्पिटलला दोन वेगळ्या रस्त्यांनी केबल. एक तुटली तर दुसरी. नकाशात तरी तसंच होतं.

एका दुपारी लखनौच्याच सरोजिनी नगरहून आमच्या फील्ड सुपरवायझरचा, तिवारीजींचा फोन. "मैडम, गज़ब हो गया. जेसीबी ने केबल काट दी... दोनों!"

"दोनों कैसे? दूसरी तो पीछे वाली सड़क से है ना?"

"नक्शे में है. ठेकेदार ने खुदाई बचाने को दोनों एक ही नाली में डाल दीं."

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि लगेच आठवलं... त्या केबलवरच्या छोट्या हॉस्पिटलात एका बाळंतिणीचं ऑपरेशन चालू होतं. रक्तस्राव थांबत नव्हता. दिल्लीच्या सर्जनबाई व्हिडिओवरून तिथल्या तरुण डॉक्टरला एकेक गोष्ट सांगत होत्या. "आज टेस्टिंग मत कीजिए, केस सीरियस है," असा तिथून फोन थोड्याच वेळापूर्वी आला होता.

मी ऑफिसातली लाइन दाखवणारी स्क्रीन पाहिली. लाइन चालू! स्क्रीनच अडकली असणार म्हणून हॉस्पिटलला मोबाईल लावला. नर्स कुजबुजली, "चल रहा है मैडम, बिल्कुल साफ़. अभी रखिए." मागून सर्जनबाईंचा आवाज मी स्वतः ऐकला.

काही कळेना, पण हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. गाडी काढली, कानपूर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोचले. खड्ड्यात दोन्ही केबलची टोकं सुटी पडलेली, चिखलाने माखलेली. हातात धरून पाहिली. "जोड़िए, अभी!" मी तिवारीजींना म्हटलं. जोडणी झाली तोवर आतलं ऑपरेशनही संपलं होतं. बाई वाचली, बाळही.

नंतर मी सगळं उकरून काढलं. तिथे तिसरी लाइन नाही, व्हिडिओचं मशीन फक्त आमच्याच केबलवर, आणि लाइन एकदाही पडल्याची नोंद नाही. साहेब म्हणाले, "नोंद चुकली असेल." असेल हो... पण मी ऐकलेला तो आवाज?

ठेकेदाराला घरी बसवलं. मग तिवारीजी आणि मी भर उन्हात प्रत्येक हॉस्पिटलची केबल चालत जाऊन तपासली. जिथे दोन्ही एकत्र सापडल्या तिथे दुसऱ्या रस्त्याने नवी टाकायला लावली.

सरोजिनी नगरची नवी लाइन सुरू केली, तेव्हा त्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "उस दिन लाइन किसने चलाई थी, मैडम?"

"पता नहीं, डॉक्टर साहब," मी म्हटलं. "पर अगली बार हम चलाएँगे."